परक्या कारखान्यांचा उतारा

अक्का,

तुझ्या पुण्यानुमोदनाला जो आला त्यानं मला एकच विचारलं. "प्रज्ञा नेमकं करायची काय?" लोहाऱ्यातल्या निम्म्या लोकांना वाटत होतं तू मोबाईल दुरुस्त करायचीस. आपल्या आत्यानं तर 'चिप' आणि 'वेफर' हे दोनच शब्द कधीतरी ऐकले होते, त्यावरून तिनं इतकी वर्षं ठरवूनच टाकलं होतं की भाची बटाट्याच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. शेजारच्या बाईला ती तसंच सांगत होती. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस आणि आत्याचं म्हणणं खोडलंही नसतंस.

शेवटी मंडपात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी सांगितलं, "बाबा, कंप्युटरच्या चिपा बनवायचे मोठमोठे कारखाने असतात. कोणाचा कारखाना केवढा आणि कोणाचा उतारा किती, हे आमची अक्का काढायची."

त्यांनी मान हलवली. "म्हंजी शंभरात चांगल्या किती निघतात, त्ये?"

"व्हय."

"मग कारखानवाले सांगत न्हाईत का?"

"सांगतात की."

"पर खरं सांगत न्हाईत," बाबा म्हणाले, आणि आजूबाजूची सगळी, कारखान्याला ऊस घालणारी माणसं हसली. मीही हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

'उतारा' हा शब्द आपल्या दोघींमध्ये कसा आला, आठवतं? मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. तू परदेशातल्या त्या चिपच्या कारखान्यातून सुट्टीवर आली होतीस. तिथला तुझा एक फोटो होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा वेश, डोळे तेवढे उघडे. मायनं तो बघून विचारलं होतं, "दवाखान्यात हाईस का गं?" मी तुला आमच्या लॅबचं कौतुक सांगत होते. इतका ऊस आत गेला, त्यातून इतकी साखर निघाली, तो उतारा रोज फळ्यावर लागतो, शेजारच्या कारखान्याचा उतारा आपल्यापेक्षा वर गेला की साहेबांचं तोंड उतरतं. तू एकदम म्हणालीस, "अगं, मी पण तेच करते!"

मला पटेना, म्हणून तू मायच्या पुढ्यातली गरम भाकरी उचललीस आणि सुरीच्या टोकानं तिच्यावर उभ्याआडव्या रेघा मारल्यास. "ही चकती. हिला आम्ही वेफर म्हणतो. ह्यातला एकेक चौकोन म्हणजे एक चिप." मग डब्यातले चार तीळ घेऊन वरून टाकलेस. "हे धुळीचे कण. डोळ्याला दिसत पण नाहीत इतके बारीक. पण ज्या चौकोनावर पडला, तो चौकोन बाद." दुसऱ्या भाकरीवर तू मोठे मोठे चौकोन आखलेस आणि तेवढेच तीळ टाकलेस. तिच्यातली निम्मी भाकरी बाद झाली. "बघ. धूळ तेवढीच, नुकसान किती जास्त. म्हणून दोन कारखान्यांचा उतारा शेजारी शेजारी मांडून हा हुशार, तो ढ, असं म्हणता येत नाही. चौकोन केवढा होता, ते आधी विचारायचं."

"भाकरीवर रेघा वढत बसलीय," माय म्हणाली. "खा आधी."

तू बाद झालेले चौकोन माझ्या ताटात टाकलेस आणि चांगले स्वतः खाल्लेस.

त्याच सुट्टीत आपला वाद सुरू झाला. आमच्या कारखान्याचा उतारा जिल्ह्यात वरचा होता, पण शेजारचा कारखाना आमच्या दुप्पट गाळप करायचा. तू म्हणालीस, "तुमचा कारखाना चांगला." मी म्हणाले, "उतारा घेऊन काय करायचंय? हंगामाच्या शेवटी साखरेची पोती त्यांचीच जास्त."

"क्षमता म्हणजे नुसती दाराची रुंदी, सुजा. आत काय होतं ते उतारा सांगतो."

"आणि दारच अरुंद असलं तर माणसं बाहेरच उभी राहतात, अक्का."

अण्णा तेव्हा होते. एसटीची ड्युटी करून आलेले, खाकी शर्टाची वरची बटणं सोडून बाजेवर पडलेले. ते म्हणाले, "गाडी मोठी का बारीक, ह्याच्यावर भांडून काय हुतंय? चालू हाय का न्हाई त्ये बघा आधी." आपण दोघींनी त्यांचं ऐकलं नाही.

अण्णा गेले आणि तू देशात परत आलीस. पुण्याच्या एका संस्थेत लागलीस. जगभरातल्या चिपच्या कारखान्यांची तुलना करून अहवाल काढणं हे त्या संस्थेचं काम. चिपा विकत घेणारे आणि कारखान्यात भांडवल घालणारे ते अहवाल वाचायचे. मला तेव्हा कळायचं नाही की आत न जाता तू दुसऱ्याच्या कारखान्याचा उतारा काढतेस कसा. एकदा तू समजावून सांगितलंस. कारखान्यानं यंत्रं किती घेतली ते यंत्रं विकणारा सांगतो. त्यावरून महिन्याला किती चकत्या आत जात असतील याचा अंदाज बांधता येतो. बाजारात चिपा किती आल्या ते बाजार सांगतो. आणि जी चिप पुरती चांगली निघत नाही, तिचा बिघडलेला भाग बंद करून कारखाना तीच चिप हलक्या नावानं स्वस्तात विकतो. "भारी माल दुकानात मिळतच नाही आणि हलक्या मालाचा ढीग लागलाय, असं दिसलं की समजायचं, आत काहीतरी अडलंय." पुण्यात तू दर आठवड्याला कंप्युटरची दुकानं पालथी घालायचीस. दुकानदारांना वाटायचं, या बाईला कधी एकदाचं काय घ्यायचं ते ठरवता येणार!

आता त्या अहवालाबद्दल लिहायलाच हवं.

एका फार मोठ्या कंपनीनं नव्या पद्धतीची चिप जाहीर केली होती. नवा प्रचंड कारखाना, टाळ्या, भाषणं. सगळे म्हणत होते आता हीच कंपनी पुढं जाणार, प्रतिस्पर्धी मागं पडणार. तुझ्या हिशेबात त्यांच्या चकतीवरच्या निम्म्या चिपासुद्धा चांगल्या निघत नव्हत्या. कारखाना प्रचंड होता हे खरं, पण त्यातून निघणारा चांगला माल प्रतिस्पर्ध्याच्या धाकट्या कारखान्यापेक्षाही कमी होता. तुझ्या साहेबांनी तो मसुदा वाचला आणि बाजूला ठेवला.

त्याच आठवड्यात तू घरी आली होतीस. परत जाताना तुला पुण्याची गाडी धरायची होती म्हणून आपण लोहाऱ्याहून जीपनं नळदुर्गला आलो आणि हायवेवरच्या एका ढाब्यात चहा घेत बसलो. बाहेर हैदराबादकडं जाणारे ट्रक एकामागून एक चालले होते. तुझं चहाकडं लक्ष नव्हतं.

"साहेब म्हणतात, आकडा काढून टाक. 'उतारा अपेक्षेपेक्षा कमी' एवढंच लिही."

"मग लिही की. ते काय खोटं आहे का?"

"तुझ्या लॅबमधून 'आज उतारा बरा आहे' एवढाच कागद वर गेला तर चालेल?"

"न्हाय चालणार."

"मग?"

"पण अक्का, तुमच्यातलं कुणी त्या कारखान्यात आत गेलेलं नाही. तू चुकलीस तर?"

तू माझ्याकडं बघितलंस. तो चेहरा मला अजून दिसतो. भीती होती त्यात, नव्हती असं नाही. म्हणालीस, "चुकले तर लोक माझी चूक दाखवतील, मी दुरुस्त करीन. पण आकडाच नाही लिहिला तर मी कधी चुकणार पण नाही आणि कधी बरोबर पण येणार नाही. मग माझा उपयोग काय?"

साहेबांनी शेवटी तोडगा काढला. अहवाल जाईल, पण मत संस्थेचं नसेल, लिहिणाऱ्याचं असेल. त्यांना वाटलं तू घाबरशील. तू म्हणालीस, "चालेल. नाव पूर्ण छापा." आणि पहिल्या पानावर मायचं आणि अण्णांचं नाव लावून तुझं नाव आलं. जगातल्या कुठल्या कुठल्या देशांत एसटीच्या एका ड्रायव्हरचं नाव गेलं, अक्का. मी तो अहवाल मायला दाखवला. तिनं इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, "ह्यात तुझा बाप कुठं हाय?" मी दाखवलं. ती बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसली.

पुढचे महिने वाईट गेले. त्या कंपनीनं संस्थेशी बोलणं बंद केलं. बेंगळूरच्या एका सभेत त्यांचा अधिकारी उभा राहून तुला म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमचा कारखाना आतून पाहिलाय का?" सभेतले लोक हसले. त्याचं चित्रीकरण मी नंतर पाहिलं, कितीदा तरी पाहिलं. तू माईक जवळ घेतलास आणि शांतपणे म्हणालीस, "नाही पाहिला. बाहेर येणारा माल पाहिला. माझा आकडा चुकीचा असेल तर खरा सांगा, पुढच्या अहवालात मी पहिल्याच पानावर छापीन." तो खाली बसला. त्यानं आकडा सांगितला नाही.

आणि मग एक दिवस त्या कंपनीनं स्वतःच जाहीर केलं की नवी चिप लांबणीवर पडली आहे आणि थोडा माल ते प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यातून बनवून घेतील. मला वाटलं, आता अक्काचा फोन येणार, पेढे वाटा म्हणणार. फोन आला. तुझा आवाज बसलेला होता.

"सुजा, आकडा बरोबर निघाला."

"मग रडवेली का झालीस?"

"मी अशा लाईनवर काम केलंय ना. चकत्या खराब निघायला लागल्या की कॅन्टीनमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. जेवणाचं ताट घेऊन जो तो भिंतीकडं तोंड करून बसतो. आता तिथं तसंच चाललं असेल."

तू जिंकलीस त्या दिवशी तू हरलेल्यांचा विचार करत होतीस. मला तेव्हा तुझा जो अभिमान वाटला तो मी बोलले नाही. आपल्या घरात असलं कुणी बोलत नाही. अण्णा फार खूश झाले तरी "बरंय" एवढंच म्हणायचे. मीही फोनवर "बरंय" म्हणाले आणि ठेवून दिला. आता लिहिते. फार वाटला, अक्का.

त्यापेक्षा मोठी गोष्ट तू नंतर केलीस, आणि ती कमी लोकांना माहीत आहे. सगळं जग त्या कंपनीच्या नावानं बोटं मोडत होतं. तिच्यावर टीका करायला कुणाला अभ्यास लागत नव्हता. त्याच वेळी तुला दुकानांत वेगळं दिसायला लागलं. हलका माल कमी झाला होता. भारी चिप आता पुण्यातल्या साध्या दुकानातही मिळत होती. तू पुन्हा हिशेब मांडलास आणि लिहिलंस की या कारखान्याचा उतारा सुधारलाय, तो प्रतिस्पर्ध्याच्या जवळ आलाय, आणि त्याची क्षमता बघता येत्या काळात त्याला कमी लेखू नये.

या वेळी साहेब हसले. "आता कुठं तुमचं नाव झालंय. कशाला घालवता?" बाहेर लोक त्याहून वाईट बोलले. बाई विकली गेली म्हणाले. पहिल्या वेळी तुला वेडी म्हटलं होतं, ते तू हसण्यावारी नेलंस. 'विकली गेली' हे तुला लागलं. पण ओळ बदलली नाहीस. सोडून गेलेली गिऱ्हाइकं हळूहळू त्या कारखान्याकडं परत आली, तेव्हा ज्यांनी तुला नावं ठेवली त्यातल्या एकानंही फोन केला नाही. तू वाटही बघितली नाहीस.

शेवटच्या आजारपणात सोलापूरच्या दवाखान्यात तू शेवटचा अहवाल सांगत होतीस आणि मी तुझ्या उशाशी बसून टाईप करत होते. हाताला सुई, त्यामुळं तुला कीबोर्डची बटणं दाबता येत नव्हती. डॉक्टर रागवायचे. तू म्हणायचीस, "डॉक्टर, पडून राहिलं तर दुखतं. बोललं तर कमी दुखतं." तीन कंपन्या होत्या त्यात. एक सगळ्यात पुढची, दुसरी ती पडून उठलेली, आणि तिसरी, जिच्याकडं यंत्रं भरपूर पण काम कमी. टाईप करता करता आपला जुना वाद पुन्हा निघाला आणि मजा म्हणजे आपल्या दोघींच्या बाजू बदललेल्या होत्या. मधल्या दुष्काळाच्या हंगामात ऊस नव्हता म्हणून शेजारचा तो दुप्पट क्षमतेचा कारखाना लवकर बंद पडताना मी पाहिला होता. मी म्हणाले, "अक्का, तुझंच खरं. नुसती रुंद दारं काय कामाची?"

"थांब, थांब," तू म्हणालीस. "आता आपल्या देशात चिपचे कारखाने उभे राहतायत. मला जो तो विचारतो, ह्यांचा उतारा किती येणार? मी म्हणते, पहिला उतारा कमीच येणार. सगळ्यांचाच कमी आला होता. आधी दार तर उघडू द्या, माणसं आत जाऊ द्या, चुकू द्या."

"हे तर माझं वाक्य."

"तुझं नाही, अण्णांचं."

मी काहीतरी उत्तर देणार होते. तुला झोप लागली. उत्तर तसं बरं होतं, पण आता कुणाशी भांडू?

तो अहवाल तू पुरा केलास. मी तो शब्द न् शब्द टाईप केला, म्हणून त्यातले तिन्ही उतारे मला पाठ आहेत.

आता पुण्यानुमोदनाच्या दिवशीचं सांगते. बुद्धवंदना झाली, जेवणं चालू झाली, तेव्हा एक गृहस्थ दारात चपला काढून उभे होते. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, प्रवासानं चुरगळलेला. सोलापूरहून एसटीनं नळदुर्ग आणि तिथून जीपनं विचारत विचारत आले होते. म्हणाले, बेंगळूरला असतात, आई बिदरकडची. ते दखनी हिंदी बोलत होते, त्यामुळं मायलाही बरंच कळत होतं. तू जिचा उतारा निम्म्याच्या आत लिहिला होतास, त्या कंपनीत ते अभियंता होते. त्याच लाईनवर, परदेशात, त्याच वाईट दिवसांत. मायचा हात हातात घेऊन ते म्हणाले,

"अम्मा, पहला कागद आया तो हम लोगां बहुत गुस्सा करे. मैं बी करा. पन मालूम था, झूट नै लिखी. दुसरा आया तब तक हमपे किसीकू भरोसा नै था. हमारे बडे लोगां बी बोल रहे थे, लाईन बंद करो. तब आपकी बेटी लिखी, ये लोगां सुधर गए. वो कागद हम कॅन्टीन में लगाए थे, अम्मा."

मी मायला मराठीत पुन्हा सांगायला गेले. तिनं हातानंच थांबवलं. तिला कळलं होतं. डोळे पुसून तिनं त्यांना विचारलं, "आता कसा चालतोय तुमचा कारखाना?"

"अच्छा चल रा, अम्मा."

"अच्छा म्हंजी किती?"

अक्का, ते गृहस्थ चपापले. तुझ्या आईनं तुझाच प्रश्न विचारला होता. ते ओशाळून म्हणाले, "वो बाहर बोलना मना है, अम्मा."

"मला नगं सांगू," माय म्हणाली, आणि बुद्धमूर्तीशेजारी ठेवलेल्या तुझ्या फोटोकडं तिनं बोट केलं. "तिला सांग. इतकी वर्सं ती इचारत हुती."

ते उठले. फोटोपुढं जाऊन हात जोडून उभे राहिले. मी तिथंच विझलेली मेणबत्ती पुन्हा लावत होते, म्हणून मला ऐकू आलं. अगदी हळू, वरिष्ठाला सांगावा तसा, त्यांनी तुला आकडा सांगितला. मग वाकले, आणि न जेवता जाऊ नका म्हणून मायनं त्यांना पंगतीत नेऊन बसवलं.

तो आकडा मी कुठंही लिहिणार नाही. तो त्यांनी तुला सांगितलाय. पण शेवटच्या अहवालात त्यांच्या नावापुढं तू लिहिलेला उतारा मला पाठ आहे, म्हणून एवढं तुला कळवायलाच हवं. तू थोडी चुकलीस, अक्का. त्यांचा उतारा तू लिहिलास त्याहून बरा आहे.